घासाची साक्ष

बऱ्हाणपूर हे तापीकाठचे शहर म्हणजे खानदेशाचा उत्तरेकडील उंबरठा. फारुकी सुलतानांनी ते वसविले आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यानंतर खानदेशासह ते मोगलांच्या सत्तेखाली स्थिरावले. आज हे शहर मध्य प्रदेशात मोडते, तथापि तेथील बाजारात मराठी व हिंदी या दोन्ही भाषा खांद्याला खांदा लावून वावरतात. सिंधीपुरा हा तेथील एक जुना मोहल्ला. सिंध देशातून आलेल्या लोकांची आठवण त्याच्या नावातच राहून गेली आहे. या मोहल्ल्यात 'घास' हा शब्द कानी पडला, तर तो कोण उच्चारतो हे आधी पाहावे लागते. मराठी माणसाचा घास तोंडात जातो. हिंदी भाषिकाची घास रानात उगवते. तोंडातला घास आणि रानातली घास यांचा परस्परसंबंध शोधून काढण्याची एक विद्या गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती आली आहे. तिचा एक मोठा निकाल महाराष्ट्राच्याच भूमीत लागला. तो कसा लागला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

सिंधीपुऱ्यातील एखाद्या गोठ्यात एक म्हैस बांधली आहे, अशी कल्पना करावी. तिच्या पुढ्यात ज्वारीचा कडबा आहे. सायंकाळी तिला सरकीची पेंडही मिळते. कडब्यातही कार्बन आहे आणि सरकीतही कार्बन आहे. परंतु हे दोन कार्बन अगदी सारखे नाहीत. निसर्गातील कार्बनाच्या दर शंभर अणूंपैकी जवळजवळ नव्व्याण्णव अणू १२ वस्तुमानांकाचे असतात, आणि सुमारे एक अणू १३ वस्तुमानांकाचा, म्हणजे किंचित जड असतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना 'समस्थानिके' म्हणतात. फ्रेडरिक सॉडी यांनी ही संज्ञा १९१३ मध्ये रूढ केली. कार्बनाचे १४ वस्तुमानांकाचे तिसरे भावंड काळाबरोबर क्षय पावते, म्हणून त्याचा उपयोग वय मोजण्याकडे होतो. १२ आणि १३ ही दोन मात्र स्थिर आहेत. ती झिजत नाहीत, आणि म्हणूनच साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात.

हवेतून कार्बन उचलताना सर्व वनस्पती हलक्या अणूला अधिक पसंती देतात. मात्र या पसंतीचे प्रमाण सर्वांचे सारखे नसते. गहू, भात, कापूस, केळी, तूर आणि बहुतेक सर्व झाडे-झुडपे ज्या रीतीने कार्बन बांधतात, तिच्यात प्रथम तीन कार्बनांचे संयुग तयार होते. त्यांना त्रिकार्बनी वनस्पती म्हणावे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुसंख्य गवते यांची रीत वेगळी. तिच्यात प्रथम चार कार्बनांचे संयुग बनते, म्हणून या चतुःकार्बनी वनस्पती. हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी ही दुसरी रीत १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवरून विशद केली. ठरलेल्या मापदंडाशी तुलना करता त्रिकार्बनी वनस्पतींत जड कार्बनाचे प्रमाण हजारी सुमारे २७ ने कमी भरते, तर चतुःकार्बनी वनस्पतींत ते हजारी सुमारे १३ नेच कमी असते. या दोन आकड्यांमधील अंतर एवढे स्पष्ट आहे की, मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र चिमूटभर नमुन्यावरून त्यांतील भेद सांगू शकते. गोठ्यातील म्हशीच्या केसात, दुधात आणि हाडात कडबा किती व सरकी किती, याची नोंद अशा रीतीने आपोआप होत असते.

ही नोंद वाचता येते, हे १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झाले. डीनिरो आणि एप्स्टाईन यांनी ठराविक आहारावर प्राणी वाढवून त्यांच्या देहातील कार्बनाचे मोजमाप केले, आणि प्राण्याचा देह त्याच्या अन्नाचेच समस्थानिक-प्रमाण थोड्या फरकाने धारण करतो, असे १९७८ मध्ये दाखवून दिले. नायट्रोजनाविषयीचा त्यांचा निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. नायट्रोजनाची गंमत अशी की, गवत, हरिण, वाघ अशी एकेक पायरी चढताना जड नायट्रोजनाचे प्रमाण हजारी सुमारे ३ ते ४ ने वाढत जाते. तात्पर्य, रानातील प्राण्याने काय खाल्ले हे कार्बन सांगतो, आणि अन्नाच्या जाळ्यात तो कितव्या पायरीवर उभा आहे हे नायट्रोजन सांगतो.

भारतात या विद्येचा अवलंब प्रथम कोणावर झाला, हे खात्रीने सांगण्यापेक्षा एका प्रसिद्ध प्रयोगाकडे वळणे अधिक फलदायी ठरेल. हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार यांनी दक्षिण भारतातील रानहत्तींच्या हाडांतील कार्बन अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने तपासला. त्यांचे निष्कर्ष १९८७ आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. रानात पाहावे तर हत्ती गवतही भरपूर खातात. हाडे मात्र झाडपाल्याची साक्ष अधिक जोराने देत होती. याचा उलगडा असा की, झाडपाल्यात प्रथिने अधिक असतात आणि हाडातील प्रथिन घडविताना त्याचा वाटा मोठा पडतो. गवताने पोट भरत होते, परंतु हाड घडत होते ते विशेषेकरून पाल्यावर. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. त्याला नेमके काय विचारले आहे, हे आधी समजून घेणे आवश्यक होते. हाच धडा पुढे फार मोठ्या प्रमाणावर गिरवावा लागला.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे एक गाव आहे. दख्खनच्या लाव्हाने महाराष्ट्राचा बहुतांश भाग झाकून टाकला. बऱ्हाणपूरची काळी मातीही त्याच खडकाची देणगी. पिसदुऱ्याच्या परिसरात त्या लाव्हाखालचे थर उघडे पडले आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना लॅमेटा थर म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील जीवाश्मांकडे लक्ष वेधले. त्यांचा अंत १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात झाला. पुढे सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये पिसदुऱ्याच्या एका विलक्षण वस्तूवर निबंध लिहिला. ती वस्तू म्हणजे विष्ठाश्म, अर्थात दगड झालेली विष्ठा. शेतांतून विखुरलेल्या या गोट्यांचे त्यांनी आकारावरून वर्ग पाडले. त्यांतील मोठ्या गोट्या टायटनोसॉर कुळातील प्रचंड शाकाहारी डायनोसॉरांच्या असाव्यात, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. कारण त्याच थरांत या प्राण्यांची हाडे सापडतात. या विष्ठेचे वय ६ कोटी ६० लक्ष वर्षांहून अधिक आहे.

हाडावरून प्राण्याचा आकार कळतो. विष्ठेवरून त्याचे जेवण कळते. या दृष्टीने अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील एस. के. भट्टाचार्य यांचे कार्य उल्लेखनीय आहे. हत्तींच्या १९८७ च्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता. १९९१ मध्ये अनिंद्य सरकार आणि डी. एम. मोहबे यांच्यासमवेत त्यांनी गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या डायनोसॉरांच्या अंड्यांची कवचे तपासली आणि ती अंडी घालणारे प्राणी त्रिकार्बनी वनस्पतींवर जगत होते, असे दाखविले. २००३ मध्ये प्रोसेनजित घोष, भट्टाचार्य, अशोक साहनी, मोहबे आणि त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतील कार्बन व नायट्रोजन यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. निष्कर्ष पुन्हा तोच आला: आहार त्रिकार्बनी वनस्पतींचा.

आता त्रिकार्बनी म्हणजे झाडपाला आणि चतुःकार्बनी म्हणजे गवत, अशी आजच्या खानदेशी रानाची साधी वाटणी मनात धरली, तर या निष्कर्षाचा अर्थ काय होईल? डायनोसॉर गवत खात नव्हते, हाच. ही समजूत त्या काळच्या शास्त्राशी जुळणारीही होती. गवताचे निश्चित जीवाश्म तोवर सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचेच ज्ञात होते, म्हणजे डायनोसॉरांचा अंत झाल्यानंतरचे. पाठ्यपुस्तकांतील चित्रांत डायनोसॉरांच्या पायांखाली नेचे व सूचिपर्णी वृक्षांची रोपे रंगविलेली असत, गवत नसे.

परंतु दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये, त्याच पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांनी दुसरी साक्ष दिली. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्या गोट्यांतील सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. वनस्पती जमिनीतून सिलिका शोषून घेतात आणि ती पेशींत साठून विशिष्ट आकाराचे कण बनतात. वनस्पती कुजली तरी हे कण उरतात, आणि गवतांच्या कणांचे आकार ओळखता येण्याजोगे असतात. त्या कणांत किमान पाच प्रकारच्या गवतांच्या खुणा मिळाल्या. पुढे २०११ मध्ये भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही तेथे असल्याचे प्रसिद्ध झाले. विदर्भाच्या एका खेड्याने गवताचा इतिहास एक कोटीहून अधिक वर्षांनी मागे नेला.

मग २००३ चा निष्कर्ष चुकला होता काय? मुळीच नाही, आणि या हकीकतीचे मर्म येथेच आहे. गवत चतुःकार्बनी असलेच पाहिजे, असा नियम नाही. भात आणि बांबू ही गवतेच, परंतु ती त्रिकार्बनी आहेत. चतुःकार्बनी रीत गवतांत फार उशिरा, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी उदयास आली, असा आजचा अंदाज आहे. शिवालिकच्या परिसरातील मातीच्या अभ्यासावरून अशी गवताळ राने तेथे सुमारे ७० लक्ष वर्षांपूर्वी पसरल्याचे दिसते. डायनोसॉरांच्या काळातील गवत त्रिकार्बनीच असणार. त्यामुळे कार्बनाच्या तराजूत ते आणि झाडपाला एकाच पारड्यात पडले. तराजूने वजन बरोबर सांगितले होते. पारड्यात काय होते, हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीच गरज होती.

आणखी एक सावधगिरी येथे बाळगावी लागते. विष्ठाश्मांत गवताबरोबर द्विदल वनस्पती, सूचिपर्णी वृक्ष आणि ताड-माडाच्या कुळातील झाडे यांचे अवशेषही आहेत. २०१५ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचे अवशेषही त्यांत आढळले. ते पाण्याबरोबर पोटात गेले असावेत. सारांश, हा प्राणी गवतावर जगणारा नव्हता. समोर येईल तो हिरवा चारा तो ओरबाडीत असे, आणि त्या चाऱ्यात गवतही होते.

एका प्रकारच्या पुराव्यावर सर्व प्रश्नांचा भार टाकला की तो वाकतो. त्याला त्याच्यापुरताच प्रश्न विचारला, तर कोट्यवधी वर्षांनंतरही तो सरळ उत्तर देतो. हत्तीचे हाड आणि पिसदुऱ्याची गोटी या दोहोंनी हेच शिकविले. म्हणून तेथील शेतात नांगराच्या फाळाला लागणारी तपकिरी गोटी ही बांधावर भिरकावून देण्याची वस्तू नव्हे. कोणत्या पुराव्याची कोणत्या पिढीला गरज पडेल, हे आधी सांगता येत नाही. मॅटली यांनी १९३९ मध्ये ज्यांचे वर्गीकरण केले, त्या गोट्यांनी आपले खरे गुपित ६६ वर्षांनी उघड केले.

सिंधीपुऱ्यातील गोठ्यात म्हैस आजही कडबा चघळीत असेल. घरातल्या चुलीवर ज्वारीची भाकरी असेल, किंवा गव्हाची पोळी असेल; ताटात शेवटी बऱ्हाणपूरचे केळे असेल. हे सर्व खाणाऱ्याच्या केसांत आणि हाडांत नकळत लिहिले जात आहे. मराठी माणसाचा घास आणि हिंदी भाषिकाची घास यांची नोंद एकाच वहीत होते. ती वही निसर्ग जपून ठेवतो. वाचताना घाई मात्र वाचणाऱ्याने करू नये.