कुंडलिकेकाठची खारबंदिस्ती

रोहे व अष्टमी यांच्यामधून वाहणारी कुंडलिका पुढे खाडी होऊन रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. भरतीचे खारे पाणी या खाडीतून आत चढते; म्हणून खाडीकाठची शेती पावसाइतकीच बांधावर अवलंबून राहिली.

पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घालून खाजणाची भातशेती केली. बांधात उघाडी ठेवीत. ओहोटीला शेतातील पाणी तीतून बाहेर पडे. भरतीला तिचे दार पाण्याच्या दाबानेच मिटे. काही पावसाळे मीठ धुऊन गेले, की राता भात पिके. या बांधबंदिस्तीच्या जमिनींस कुलाबा जिल्ह्यात ‘शिलोत्री’ म्हणत. बाहेरकाठ्याच्या डागडुजीसाठी शेतकरी धान्य देत. जेथे डागडुजीत हयगय झाली, तेथे एका खांडीने अवघे शिवार खारावले व पुन्हा पिकावर येण्यास वर्षे लागली.

मुंबई राज्यात १९४८ साली व महाराष्ट्रात १९७९ साली खारजमिनींचे कायदे झाले; बांधांचा मोठा भार शासनाने उचलला. तथापि खेकड्याने पोखरलेले बीळ प्रथम दिसते ते शेतावर जाणारासच. ते त्याने वेळीच बुजवावे. कारण बांध एकाच्या शेतापाशी फुटला, तरी खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते.