हाय-राइज

बेन व्हीटली यांनी दिग्दर्शित केलेला ब्रिटिश चित्रपट. तो जे. जी. बॅलर्ड यांच्या १९७५ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला असून सप्टेंबर २०१५ मध्ये टोरांटो येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि मार्च २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. लंडनजवळच्या एका चाळीस मजली आलिशान इमारतीतील रहिवाशांमधली कुरबूर वाढत जाऊन तिचे पर्यवसान उघड यादवीत कसे होते, हा त्याचा विषय आहे. सुखसोयींच्या किंवा सुव्यवस्थेच्या आराखड्यातूनच निपजलेली समाजाची भीषण अवस्था रंगवणाऱ्या कलाकृतींना डिस्टोपियन म्हटले जाते आणि हा चित्रपट त्या वर्गात बसतो. मात्र अशा कलाकृतींत हटकून भेटणारी हुकूमशाही राजवट, महायुद्ध वा महामारी येथे नाही. इमारतीचे दरवाजे उघडेच असतात, बाहेरचे शहर सुरळीत चाललेले असते, आणि निदान सुरुवातीच्या काळात तरी रहिवासी सकाळी मोटारी काढून कामावर जातात व संध्याकाळी आपणहून त्या धुमश्चक्रीत परततात.

बॅलर्ड यांचा जन्म १९३० मध्ये शांघाय येथे झाला आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने चालवलेल्या लुंगह्वा येथील नजरकैद छावणीत त्यांची किशोरवयातील काही वर्षे गेली. सुस्थित माणसांचा सभ्यपणा किती थोड्या दिवसांत गळून पडतो, हे त्यांनी तेथे पाहिले होते आणि त्यांच्या लेखनाचा तो कायमचा विषय झाला. कादंबरीला तत्कालीन लंडनचीही पार्श्वभूमी आहे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये घरटंचाईवर उपाय म्हणून उंच इमारतींचा धडाका लावला गेला, पण १९६८ मध्ये पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा स्वयंपाकाच्या गॅसच्या स्फोटाने कोसळून चार जण मरण पावले आणि या घरांवरचा विश्वास डळमळला. त्याच वर्षी वास्तुविशारद अर्नो गोल्डफिंगर हे स्वतः रेखाटलेल्या बॅलफ्रन टॉवरच्या वरच्या मजल्यावर काही आठवडे राहायला गेले व तेथे रहिवाशांना मेजवान्या देऊन त्यांनी त्यांचे अनुभव जाणून घेतले. आपणच उभारलेल्या इमारतीच्या माथ्यावर राहणारा कथेतील वास्तुविशारद अँथनी रॉयल याच्याशी त्यांचे नाव जोडले जाते, ते यामुळे.

कथानकात तीन पुरुष तीन उंचींवर आहेत. शरीरक्रियाशास्त्र शिकवणारा डॉ. रॉबर्ट लैंग (टॉम हिडलस्टन) पंचविसाव्या मजल्यावर राहायला येतो. दूरचित्रवाणीसाठी माहितीपट बनवणारा रिचर्ड वाइल्डर (ल्यूक इव्हान्स) पत्नी-मुलांसह अगदी खालच्या मजल्यावर राहतो. आणि रॉयल (जेरेमी आयर्न्स) सर्वांत वरच्या सदनिकेत, जिच्या गच्चीवर बाग असून तीत पांढरा घोडाही बांधलेला आहे. वीज जाणे, लिफ्ट बंद पडणे, कचरा तुंबणे अशा कोणत्याही गृहसंस्थेच्या सभेत निघणाऱ्या तक्रारींनी भांडणाला तोंड फुटते. खालच्यांना मुले आहेत आणि वरच्यांना कुत्री, हा भेद लवकरच युद्धाचे कारण ठरतो. वरच्या मंडळींनी आपल्या मेजवानीसाठी अडवलेल्या पोहण्याच्या तलावात वाइल्डर खालच्या मुलांचा घोळका घेऊन घुसतो आणि त्या गोंधळात एका अभिनेत्रीचे कुत्रे बुडवून मारतो. पुढे एक तरुण वरच्या मजल्यावरून उडी टाकून मोटारीवर आदळतो, तरी पोलीस फिरकत नाहीत आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

या संघर्षाला वर्गसंघर्ष म्हणताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इमारतीत कामगार राहतच नाहीत. कादंबरीतील जवळजवळ सर्व दोन हजार रहिवासी वकील, डॉक्टर, प्राध्यापक, दूरचित्रवाणीवाले अशा एकाच सुखवस्तू थरातले आहेत. म्हणजे येथे आधीचे वर्ग इमारतीत येऊन भांडत नाहीत, तर मजल्याची उंचीच एका वर्गाचे तीन वर्ग करते. टॉवर आणि त्याच्या पायथ्याची झोपडपट्टी हे मुंबईकर वाचकाच्या परिचयाचे चित्र येथे लावून पाहिले, तर कथेचा मुद्दाच हातचा जातो. चित्रपटात मात्र ही धार काहीशी बोथट झाली आहे, कारण त्यातील खालचे रहिवासी पैशानेही ओढग्रस्त दिसतात.

निर्माते जेरेमी थॉमस यांनी ही कादंबरी पडद्यावर आणण्याचा विचार १९७० च्या दशकापासून केला होता. एकेकाळी निकोलस रोग यांच्याकडे दिग्दर्शन देण्याचे घाटत होते. अखेर पटकथा व्हीटली यांच्या सहकारी व पत्नी एमी जंप यांनी लिहिली आणि चित्रीकरण मुख्यतः उत्तर आयर्लंडमध्ये, बँगर येथील बंद पडलेल्या क्रीडासंकुलाचा वापर करून झाले. बॅलर्ड यांनी जो काळ नजीकचा भविष्यकाळ म्हणून लिहिला, तो व्हीटली यांनी १९७० च्या दशकातच ठेवला. कपडे, मिशा व सिगारेटी यांमुळे चित्रपट देखणा झाला हे खरे, पण हे आपल्याही बाबतीत घडेल ही धास्ती त्यामुळे कमी झाली. उघड्या काँक्रीटच्या, ब्रूटलिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तुशैलीतील तिरके खांब लैंगच्या घरातच घुसलेले दिसतात, हे मार्क टिल्डस्ली यांच्या कलादिग्दर्शनाचे यश होय.

चित्रपटातील सर्वांत नेमका प्रसंग रॉयलकडच्या मेजवानीचा आहे. पाहुणे अठराव्या शतकातील फ्रेंच उमरावांच्या वेषात आले आहेत, तंतुवाद्यवृंद आबा या स्वीडिश गटाचे ‘एसओएस’ हे गाणे संथपणे वाजवत आहे, आणि साध्या सुटात आलेल्या लैंगची टवाळी करून त्याला हाकलून दिले जाते. त्यानंतर तो आरशांनी मढवलेल्या लिफ्टमध्ये अडकतो. पुढे हेच गाणे पोर्टिसहेड या गटाच्या खिन्न आवाजात येते. पार्श्वसंगीत क्लिंट मॅन्सेल यांचे आहे.

समीक्षकांमध्ये चित्रपटाविषयी दुमत झाले. दृश्यरचनेची वाखाणणी झाली, तर उत्तरार्धातील विस्कळीतपणावर टीका झाली. शेवटी मार्गारेट थॅचर यांच्या आवाजातील भांडवलशाहीविषयीचे भाषण ऐकू येते. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी त्या हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या होत्या, तरी हा राजकीय खुलासा कादंबरीत नाही. तेथे लैंग शेजारच्या टॉवरमधील वीज गेलेली पाहतो, एवढ्यावर ती संपते. मिळत्याजुळत्या चित्रपटांपैकी डेव्हिड क्रोननबर्ग यांचा ‘शिव्हर्स’ हा माँट्रियलमधील आलिशान इमारतीत घडणारा भयपट योगायोगाने १९७५ चाच असला, तरी त्यात अनर्थाचे कारण परोपजीवी जंतू आहे. बाँग जून-हो यांच्या ‘स्नोपिअर्सर’ (२०१३) मध्ये वर्गांची उतरंड आगगाडीच्या डब्यांत आडवी मांडलेली असून, तेथील माणसांना बाहेर पडण्याची सोय नाही.