एका रोपाची दोन नावं

संध्याकाळी डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी घेताना नीट ऐका. गिऱ्हाईक 'कोथमीर कशी दिली?' विचारतं, आणि भय्या 'धनिया बीस रुपया' म्हणत तीच जुडी पुढे करतो. हिंदीला रोप एक म्हणून शब्दही एकच पुरतो. पानांमागे 'हरा' लावलं की काम भागलं. आपण मात्र ओल्या पानाला कोथिंबीर म्हणतो आणि वाळल्या फळाला धणे. मला ही उगीचची चैन वाटायची.

दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले. पाणिनीने 'कुस्तुंबुरु' शब्दासाठी अष्टाध्यायीत एक अख्खं सूत्र खर्ची घातलं आहे. मधला 'स' कशासाठी? तर वनस्पतीची जात सांगायची असेल तेव्हाच तो येतो. एरवी 'कुतुंबुरु', म्हणजे वाईट तुंबुरू फळ. पुढे पुस्तकाची पोथी झाली त्याच वाटेने कुस्तुंबरीची कोथिंबीर झाली: 'उ'चा 'ओ', 'स्त'चा 'थ'. कन्नडमधली कोत्तंबरी आणि गुजरातीतली कोथमीर या तिच्या सख्ख्या बहिणी. धणे आले 'धान्याक'वरून, आणि त्याचं नातं धान्याशी.

अमरकोशाच्या वैश्यवर्गात तर मजाच आहे. तिथे ओलं आलं आणि सुकी सुंठ वेगवेगळी नोंदली आहेत, आणि त्या दोघांच्या मधोमध कुस्तुंबुरु व धान्याक बसले आहेत. पण ते एकाच वस्तूचे प्रतिशब्द म्हणून. आलं-सुंठीसारखी ओल्या-सुक्याची वाटणी इथेही मराठीने करून टाकली.

रोप मूळचं इथलं नाही. त्याचं माहेर पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालचा टापू. ग्रीसमधल्या सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याचं नाव कोरलेलं आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख येतो, तेव्हा कल्याणकरांना हे रोप आणल्याचं श्रेय घ्यायचा मोह होईल. घेऊ नये. पाणिनी त्याच्या काही शतकं आधीचा.

माझं मत बदललं ते गॅलरीतल्या कुंडीमुळे. धणे वाटीने दाबून रगडायचे, कारण एक धणा म्हणजे दोन बिया चिकटलेलं फळ. त्याच्या दोन फाकी झाल्या की रात्रभर भिजवून पेरायचं. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि माणूस हताश होतो. मग कोंब येतात, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणी. मी एकदा मार्चमध्ये पेरली. उन्हाच्या तलखीत ती तुरे काढून मोकळी झाली. पानं शेपूसारखी बारीक, वर पांढरी फुलं, मग हिरवी फळं. एक फळ चुरडलं आणि हात झटकला: ढेकणाचा वास! आजच्या मुलांना ढेकूण माहीत नसेल, चाळीत वाढलेल्यांना तो वास सांगावा लागत नाही. ग्रीक नावाची 'कोरिस', म्हणजे ढेकूण, अशी व्युत्पत्ती जुन्या कोशांत देतात. ती खरी असो-नसो, नाकाला पटते.

हा वास आल्डिहाइड या रसायनांचा. पानांत तीच असतात. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते ती त्यांच्यामुळेच. फळ पिकून वाळू लागलं की ती ओसरतात आणि लिनालूल वाढतं. त्याचा वास गोडसर, लिंबाकडे झुकणारा. कुंडीतली फळं पिवळी पडली तेव्हा ढेकूण गेला होता आणि गोड्या मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटत होतं. रोप तेच, वस्तू दोन. नावं ठेवणाऱ्यांचं नाक तिखट होतं म्हणायचं.

मेथीला असं दुसरं नाव लागलं नाही, कारण वाळली तरी ती मेथीच राहते. फार तर मागे 'कसुरी' लागतं. पुदिनाही सुकून पुदिना. कोथिंबिरीचं पान मात्र वाळवलं की वास उडतो आणि हातात गवत उरतं. वाळलेल्या कोथिंबिरीची बाटली मी एकदाच विकत घेतली.

म्हणून तर कसारा घाटात पावसाने गाड्या अडकल्या की आपल्याकडे जुडीचा भाव चढतो आणि भाजीवर फुकट मिळणाऱ्या चार काड्या बंद होतात. नाशिककडची कोथिंबीर साठवून ठेवता येत नाही. धण्यांचं पोतं वर्षभर बसून राहतं.

धनत्रयोदशीला धणे-गुळाचा नैवेद्य करताना कुटण्याआधी मूठभर धणे बाजूला काढून ठेवा. पाऊस सरून थंडी लागण्याचे तेच दिवस पेरायला चांगले असतात.