ताप एक, आकडे दोन



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारी दीड वर्षाचं बाळ तापलं होतं. घरात आकडे दाखवणारं नवं थर्मामीटर होतं. ते काखेत धरलं, टिक-टिक वाजलं आणि आकडा आला ३९.१. आजी म्हणाल्या, “अठ्ठ्याण्णवच्या वर गेलं म्हणजे ताप. इथं तर चाळीससुद्धा नाही. झोपू द्या त्याला.” बाळाचं अंग हाताला भाजत होतं. पण यंत्रच ताप नाही म्हणतंय म्हटल्यावर आईनंही मन घट्ट केलं. तेवढ्यात चौथीतली मोठी बहीण वाकून म्हणाली, “आजी, आकड्यापुढं एफ नाही, सी आहे. बाईंनी सांगितलंय, सीचे ३७ म्हणजे नेहमीचं अंग.” म्हणजे एफच्या मापानं ताप १०२ च्या वर होता. बाळाला तसंच उचलून रात्रीच दवाखान्यात नेलं. बाळ आता ठणठणीत आहे.

तेव्हापासून मनात होतं, की एकाच तापाला ही दोन मापं आली कुठून, ते एकदा आपल्या रेडिओवर सांगायचं.

आधी माप नव्हतंच. आपण आजही म्हणतो ना, पाणी कोमट आहे, कढत आहे, अंगात कसर आहे, कणकण वाटतेय. हे सगळं हातानं ओळखायचं. पण हात फसवतो. मुलांना तीन पातेली भरून द्या: एकात माठातलं गार पाणी, एकात सोसवेल इतकं ऊन, मधल्यात कोमट. एक हात गारमध्ये, एक उन्हात धरायला सांगा, आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या पातेल्यात. एक हात म्हणेल गरम, दुसरा म्हणेल गार. पाणी तर एकच! इंग्लंडच्या जॉन लॉक नावाच्या विचारवंतानं ही गंमत १६९० साली पुस्तकात लिहून ठेवली आहे. चुलीपुढून उठलेल्या बाईचा हात आणि शेतातून भिजून आलेल्या बाईचा हात एकाच बाळाचा ताप वेगवेगळा का सांगतो, ते यात कळतं.

इटलीत १६०० च्या आसपास गॅलिलिओ आणि त्याच्या सोबतच्या विद्वानांनी काचेची नळी वापरून उष्णता डोळ्यांना दिसेल असं केलं. वर काचेचा गोळा, खाली पाण्यात बुडवलेली नळी. गोळा तापला की आतली हवा फुगायची आणि नळीतलं पाणी खाली सरकायचं. सान्तोरिओ नावाच्या वैद्यानं तशा नळीवर खुणा केल्या आणि तो गोळा रोग्याच्या तोंडात धरायला दिला. पण प्रत्येक कारागिराच्या खुणा वेगळ्या. एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नाही, तसंच झालं.

ही अडचण सोडवली डॅनियल फॅरेनहाइट यानं. त्याचा जन्म १६८६ चा, डान्झिग शहरातला. पंधरा वर्षांचा असताना त्याचे आई-वडील विषारी अळंबी खाऊन एकाच दिवशी गेले. पोरक्या मुलाला व्यापार शिकायला हॉलंडला धाडलं, पण त्याचं मन काचेच्या नळ्यांत रमलं. १७१४ मध्ये त्यानं पारा भरलेलं नेमकं तापमापक बनवलं. शून्य कुठं धरायचं? त्यानं बर्फ, पाणी आणि नवसागर एकत्र केलं. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तोच. ते मिश्रण बर्फापेक्षाही गार होतं. तिथं शून्य. नुसतं बर्फ-पाणी आलं ३२ वर, आणि निरोगी माणसाचं अंग ९६ वर. पुढं उकळत्या पाण्याची खूण २१२ वर पक्की केली, तेव्हा मोजणी थोडी सरकली आणि अंगाचा आकडा ९८.६ च्या जवळ गेला.

दुसरं माप स्वीडनचं. आकाशातले तारे मोजणारा अँडर्स सेल्सिअस यानं १७४२ मध्ये बर्फ आणि उकळतं पाणी यांच्यामध्ये सरळ शंभर भाग केले. पण गंमत बघा, त्यानं उकळत्या पाण्याला शून्य म्हटलं आणि बर्फाला शंभर! १७४४ मध्ये तो क्षयानं गेला, आणि लवकरच लोकांनी त्याची नळी उलटी केली. बर्फ शून्य, उकळतं पाणी शंभर.

तापाचा आकडा दवाखान्यात रुजवला जर्मनीच्या डॉक्टर वुंडरलिश यांनी. हजारो रोग्यांच्या काखेतला पारा बघून १८६८ च्या पुस्तकात त्यांनी ३७ हा आकडा दिला. ताप म्हणजे स्वतः आजार नव्हे, आतल्या आजाराची खूण, हे त्यांच्या कामातून पटलं. तेव्हाची नळी फूटभर लांब, आणि वीस मिनिटं काखेत धरायची. इंग्लंडच्या ऑलबट नावाच्या डॉक्टरांनी तिला वीतभर केलं, तेव्हा ती डॉक्टरांच्या खिशात आली.

आपल्याकडं इंग्रजांबरोबर फॅरेनहाइट आलं. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले, पुढं शेर जाऊन किलो आला. हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये आल्या. ताप मात्र घराघरांत फॅरेनहाइटमध्येच राहिला. म्हणून उन्हाळ्यात आपण म्हणतो “जळगावला ४४”, आणि त्याच घरात म्हणतो “पोराला १०२”.

मुलांना हे कसं सांगायचं? बारवेच्या पायऱ्या डोळ्यांपुढं आणा. सेल्सिअस बर्फाच्या पायरीपासून मोजायला लागतो. फॅरेनहाइट त्याच्याही खालून सुरू करतो, म्हणून बर्फापाशी येईतो त्याचे ३२ झालेले असतात. शिवाय त्याच्या पायऱ्या बुटक्या. सेल्सिअसच्या ५ पायऱ्या चढल्या की त्याच्या ९ होतात. म्हणून हिशेब असा: सेल्सिअसला ९ नं गुणा, ५ नं भागा, मग ३२ मिळवा. ४० घ्या. नऊ चोक छत्तीस, म्हणजे ३६०. पाचानं भागून ७२. त्यात ३२, झाले १०४. पोरांना पाढे कशाला, असं कोणी विचारलं तर हे सांगा.

हिशेब जमला नाही तरी चार जोड्या चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा. ३७ म्हणजे ९८.६, नेहमीचं अंग. ३८ म्हणजे १००.४, ताप. ३९ म्हणजे १०२.२. ४० म्हणजे १०४, दवाखान्यात निघा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ आला तरी थांबायचं नाही. आणि नवजात बाळ ३६.५, म्हणजे ९७.७ च्या खाली गेलं, तर तेही धोक्याचं. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरा आणि आशाताईंना लगेच बोलवा.

घरी जुनी पाऱ्याची नळी असेल तर जपा. फुटली तर पाऱ्याला हात लावू नका, मुलांना खेळू देऊ नका. त्याची वाफ विषारी असते.

आज घरी गेल्यावर आपलं थर्मामीटर काढा. आकड्यापुढं एफ आहे की सी, ते मुलीला वाचायला सांगा, आणि सासूबाईंनाही दाखवा. मध्यरात्री बाळ तापतं तेव्हा ते अक्षर घरातल्या प्रत्येकीला ओळखता आलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.