स्वतःचा गल्ला

गिरगावात आमचं खेळण्यांचं छोटं दुकान होतं. सावंतवाडीची लाकडी फळं आणि भातुकली करंड्यांतून यायची, प्लॅस्टिकचा माल अण्णा क्रॉफर्ड मार्केटमधून आणायचे. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून मला या धंद्यातली एक गोष्ट फार लवकर कळली. खेळणं बनवणारा एक असतो आणि ते हातात घेणाऱ्या मुलाचा चेहरा बघणारा दुसरा. कुठलं फळ पोरं आधी उचलतात, कुठला रंग वर्षभर पडून राहतो, हे अण्णांना तोंडपाठ होतं. ज्याने ते फळ रंगवलं, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नसे.

आता मी न्यू जर्सीत राहते. भारतातून भाचरं-पुतणे आले की न्यूयॉर्क दाखवायला नेते, आणि रॉकफेलर सेंटरला गेलं की १० रॉकफेलर प्लाझा या पत्त्यावर थांबावंच लागतं. ईस्टर्न एअरलाइन्सच्या नावाने १९३९ मध्ये उभ्या राहिलेल्या या इमारतीत, ४८व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, निंटेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीचं दुमजली दुकान आहे. मुलं मारिओ आणि पोकेमॉनकडे धावतात. मी मांडणी बघते, माल कुठे ठेवलाय ते बघते, काउंटरवरची माणसं गिऱ्हाइकाशी कशी बोलतात ते ऐकते. या दुकानाचा इतिहास मला मोलाचा वाटतो, कारण माल बनवणाऱ्याच्या हातून गल्ला कसा गेला आणि तो परत कसा आला, हे त्यात स्पष्ट दिसतं.

निंटेंडोची सुरुवात जपानमधल्या क्योतोत होते. २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची यांनी तिथे हानाफुदा नावाचे पत्ते बनवून विकायला सुरुवात केली. फुलांची चित्रं असलेले हे छोटे, जाड पत्ते तुतीच्या सालीच्या कागदापासून हाताने बनत. जिथे माल तयार होई तिथेच तो विकला जाई. मग खप वाढला आणि एका दुकानाने भागेना. यामाउचींचे पत्ते तंबाखूच्या दुकानांतून विकले जाऊ लागले आणि त्या जाळ्यामुळे ते जपानभर पोचले. धंदा फोफावला, पण गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेलं. पुढची शंभराहून अधिक वर्षं ते तिथेच राहिलं.

या शंभर वर्षांत कंपनीने माल कितीतरी वेळा बदलला. संस्थापकाचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ मध्ये प्रमुख झाले. १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं असलेले पत्ते आले आणि जुगाराशी जोडला गेलेला खेळ घरातल्या मुलांच्या हातात गेला. १९६६ मध्ये गुनपेई योकोई या तरुण कर्मचाऱ्याने बनवलेला लांब पसरणारा प्लॅस्टिकचा हात, अल्ट्रा हँड, बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. १९८० मध्ये गेम अँड वॉच हा हातात धरून खेळायचा खेळ आला, १९८३ मध्ये फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र. हा सगळा माल विकला तो इतरांनी. कारखाना कंपनीचा आणि फळी दुकानदाराची, ही वाटणी कायम राहिली.

ही वाटणी किती महागात पडते, ते अमेरिकेत दिसलं. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमार खेळांचा एवढा माल फळ्यांवर आला होता, की दुकानदारांना तो मातीमोल भावाने काढावा लागला. सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल दोनेक वर्षांत दहा कोटींच्या आसपास आली. अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाजवळ अक्षरशः जमिनीत पुरल्या. २०१४ मध्ये ती जागा खणून त्या बाहेर काढल्या गेल्या. ज्या दुकानदाराचे हात एकदा असे पोळले, तो पुन्हा त्या मालाला शिवत नाही. अण्णाही शिवले नसते.

निंटेंडोला अमेरिकेत यायचं होतं ते नेमकं या वेळी. हिरोशी यामाउचींचे जावई मिनोरू अराकावा अमेरिकेतली शाखा सांभाळत होते. त्यांनी १९८५ च्या शरदात न्यूयॉर्क हे एकच शहर निवडलं, कारण इथे माल खपला तर कुठेही खपेल. हॅकेन्सॅकला, म्हणजे माझ्या इथल्या घरापासून फार लांब नाही, एक गोदाम भाड्याने घेतलं. खेळाचं यंत्र व्हिडिओ गेमसारखं दिसू नये म्हणून त्याला व्हीसीआरसारखं तोंड दिलं. सोबत रॉब नावाचा छोटा रोबो ठेवला, म्हणजे दुकानदार त्याला खेळणं समजून दारात घेईल.

तरीही दुकानदार तयार होईनात. मग अराकावांनी जी अट दिली, ती वाचताना मला आमच्या दुकानातली वही आठवते. नव्वद दिवस पैसे देऊ नका, आणि जो माल खपणार नाही तो आम्ही परत नेऊ. म्हणजे सरळसरळ जांगड. नुकसान झालं तर सगळं बनवणाऱ्याचं. एवढंच करून ते थांबले नाहीत. कंपनीची माणसं स्वतः दुकानात जाऊन खोकी रचत, मांडणी करत, टीव्ही जोडून देत. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या एफएओ श्वार्त्झसारख्या नामांकित दुकानापासून साध्या दुकानांपर्यंत, शहर आणि आसपासची शेकडो दारं त्यांनी अशी गाठली. सुमारे एक लाख संच पाठवले, त्यातले निम्म्याच्या आसपास खपले. आकडा दिपवणारा नव्हता, पण दुकानदारांचा विश्वास परत यायला तेवढा पुरला. १९८६ मध्ये हा माल देशभर गेला आणि १९९० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के घरांत तो होता.

यश आल्यावरही फळी दुसऱ्याचीच होती. तेव्हा कंपनीने मोठ्या दुकानांच्या पोटात आपला कोपरा मागून घेतला. वर्ल्ड ऑफ निंटेंडो अशी पाटी, कंपनीच्या रंगातली कपाटं आणि खेळून बघायला चालू ठेवलेला टीव्ही. त्या टीव्हीचं महत्त्व मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नव्वदीत आमच्याकडे टीव्ही गेमचे संच आले, तेव्हा अण्णांनी एक डबा उघडून काउंटरवरच्या छोट्या टीव्हीला जोडला. घाऊक व्यापाऱ्याने बजावलं, की फोडलेला डबा परत घेणार नाही. अण्णांनी तो एक संच आपल्या खात्यावर टाकला आणि चालू ठेवला. शाळा सुटल्यावर मुलं दुकानासमोर जमत, कॅसेटमध्ये फुंकर मारून ती पुन्हा बसवत. मागून त्यांच्या आया येत आणि पोरगं कशात एवढं रमलंय ते बघत. बंद डब्यावरचं चित्र बघून जितके संच गेले, त्याहून कितीतरी जास्त त्या उघड्या संचामुळे गेले.

रॉकफेलर सेंटरच्या दुकानाचं मूळ याच शहाणपणात आहे. त्या जागी १६ नोव्हेंबर २००१ रोजी आधी पोकेमॉन सेंटर सुरू झालं. वर्ल्ड ट्रेड सेंटर पडून तेव्हा दोनच महिने झाले होते. २००५ च्या आरंभी ते बंद झालं आणि १४ मे २००५ रोजी त्याच जागी निंटेंडो वर्ल्ड स्टोअर उघडलं. दहा हजार चौरस फूट, दोन मजले, आणि जागोजागी हातात घेऊन खेळता येतील असे चालू संच. एकेकाळी ज्या शहरात जांगड माल घेऊन दारोदार फिरावं लागलं, त्याच शहराच्या मध्यभागी वीस वर्षांनी कंपनीचं स्वतःचं दार होतं. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी नूतनीकरण होऊन त्याचं नाव निंटेंडो न्यूयॉर्क झालं.

या दुकानात अनेक वर्षं एक अशी वस्तू होती, जी विकायला नव्हती. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत एक गेम बॉय ठेवला होता. आखाती युद्धात एका अमेरिकन सैनिकाच्या बराकीवर बॉम्ब पडला, त्यात हातात धरून खेळायचा हा संच भाजला. पुढचं प्लॅस्टिक वितळून फुगलेलं, मूळचा करडा रंग काळा-तपकिरी झालेला, बटणांच्या कडा वाकड्या झालेल्या. आणि मधल्या छोट्या पडद्यावर टेट्रिस चालू. तुकडे एकामागून एक खाली येत राहायचे. त्या सैनिकाने तो कंपनीकडे पाठवला होता. कंपनीने त्याला नवा संच दिला आणि हा जपून ठेवला. २०२३ मध्ये तो दुकानातून काढून अमेरिकन शाखेच्या रेडमंडमधल्या मुख्य कार्यालयात नेल्याच्या बातम्या आल्या. तो तिथे होता तोवर मुलं खेळायचं थांबवून त्याच्यापुढे उभी राहत आणि मोठ्यांना विचारत, की याला काय झालं होतं. मालाच्या टिकाऊपणाची याहून खणखणीत ग्वाही मी कुठल्याच दुकानात पाहिली नाही. दुसऱ्याच्या फळीवर तिला कधी जागा मिळाली नसती, कारण तिथल्या प्रत्येक फुटाचा हिशेब खपावर होतो.

ज्यांच्या फळ्यांसाठी एवढी धावपळ केली, त्या दुकानांचं पुढे काय झालं, हेही इतिहासात लिहून ठेवायला हवं. एफएओ श्वार्त्झचं फिफ्थ अव्हेन्यूवरचं दुकान जुलै २०१५ मध्ये बंद झालं. त्याच वर्षअखेरीस टाइम्स स्क्वेअरचं टॉइज आर अस बंद झालं, आणि २०१८ च्या मध्यापर्यंत त्या कंपनीची अमेरिकेतली सगळी मोठी दुकानं मिटली. २०१८ च्या नोव्हेंबरात एफएओ श्वार्त्झने पुन्हा दुकान थाटलं ते रॉकफेलर प्लाझातच, निंटेंडोच्या दारापासून हाकेच्या अंतरावर.

यानंतर कंपनीला आपल्या घरी परतावंसं वाटलं, यात नवल नाही. गंमत अशी की पत्त्यांचं ते पहिलं दुकान सोडलं, तर जपानमध्ये तिचं स्वतःचं अधिकृत दुकान २०१९ पर्यंत नव्हतंच. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी टोकियोतल्या शिबुया पार्कोमध्ये पहिलं उघडलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ओसाकात दुसरं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी क्योतोत, जिथून हे सगळं सुरू झालं तिथे. १५ मे २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये अमेरिकेतलं दुसरं दुकान आलं, स्विच २ हे कंपनीचं नवं खेळाचं यंत्र बाजारात येण्याच्या तीन आठवडे आधी. क्योतोतली कंपनीची १९३० च्या दशकातली जुनी वास्तू आता मारुफुकुरो नावाचं हॉटेल झाली आहे. पत्त्यांचा व्यवसाय सांगणारी पाटी तिच्या दाराशी अजून आहे.

माझं मत स्पष्ट आहे. अशा दुकानात माल स्वस्त मिळत नाही आणि त्याच्या गल्ल्यावर कंपनी चालत नाही. तरीही ते हवं, कारण माल बनवणारा आणि खेळणारं मूल यांची गाठ तिथेच पडते. ज्याला आपलं गिऱ्हाईक दिसत नाही, तो हळूहळू दुकानदारासाठी माल बनवू लागतो, आणि १९८३ मध्ये एक अख्खा धंदा त्यानेच बुडाला.

आणि हे शहाणपण आपल्याकडेही आहे. सावंतवाडीचे कारागीरही पत्ते बनवतात. गोल, हाताने रंगवलेली गंजिफा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. ही कला विझत चालली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच चित्रकार बसवले. पत्ते तिथे डोळ्यांदेखत रंगतात आणि तिथेच विकले जातात. अण्णांच्या दुकानात करंड्या पाठवणाऱ्यांना जे कधी मिळालं नाही, ते या चित्रकारांना रोज मिळतं. कोकणात जाल तेव्हा वाट वाकडी करून राजवाड्यात जा, काम बघा, चार प्रश्न विचारा, आणि गंजिफाचा एक संच तिथूनच, बनवणाऱ्याच्या हातून विकत घ्या.