मयताचे बटाटे

तर मंडळी, आजच्या पदार्थाचं नाव आहे फ्युनरल पोटॅटोज. सरळ मराठीत, मयताचे बटाटे. दचकू नका, अमेरिकेतल्या युटा राज्यात हे नाव अगदी प्रेमाने घेतात.

किसलेला बटाटा, चेडर चीज, सावर क्रीम, बटर आणि डब्यातलं घट्ट चिकन सूप एका मोठ्या ट्रेमध्ये कालवायचं. वर बटरमध्ये घोळवलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा. ओव्हनमध्ये पाऊण तास. डाएटवाल्यांनी हा एपिसोड स्किप करावा.

यातला खरा हिरो मला सुपाचा डबा वाटतो. 1897 मध्ये कॅम्पबेल कंपनीतल्या जॉन डॉरन्स या केमिस्टने सुपातलं बरंचसं पाणी काढून टाकलं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली. आमच्या भाषेत, फाइल झिप केली. 1934 मध्ये त्यांचं मशरूमचं क्रीम सूप आलं आणि गृहिणींच्या लक्षात आलं, की अरे, हा तर तयार व्हाइट सॉस! पुढे फ्रोझन बटाटाही मिळू लागला. सोलणं-किसणं गेलं.

पण हे मयतालाच का? कारण रिलीफ सोसायटी. मॉर्मन चर्चची ही बायकांची संघटना 1842 मध्ये इलिनॉयमधल्या नॉव्हू गावी सुरू झाली. पहिली अध्यक्ष एमा स्मिथ. 1847 पासून मॉर्मन लोक युटात वसले आणि पुढे तिथे ही संघटना पुन्हा उभी राहिली. कुणाकडे मृत्यू झाला, की दफनानंतर घरच्यांना आणि पाहुण्यांना चर्चच्या हॉलमध्ये जेवू घालायचं काम याच बायकांचं. आपल्याकडे शेजारी पिठलं-भात आणून देतात ना, तीच भावना.

आता विचार करा, दोन दिवसांच्या नोटिशीवर एवढ्या माणसांचं जेवण! म्हणून हा ट्रे. आदल्या रात्री भरून ठेवता येतो, गाडीतून नेताना सांडत नाही, लहान पोरांपासून दात नसलेल्या आजोबांपर्यंत सगळे खातात. सामान बहुतेकदा घरातच सापडतं, कारण या चर्चमध्ये घरी धान्य-डबे साठवून ठेवायची शिकवण आहे.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये या बटाट्यांची चक्क पिन निघाली. बाहेरचे लोक नावावर हसतात, हसू देत. मला मात्र खटकतं ते वेगळंच. सुपाच्या मागच्या केमिस्टचं नाव इतिहासात आहे, पण दुसऱ्याच्या दुःखात रात्री जागून हा ट्रे भरणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाही. नाव असतं फक्त ट्रेच्या तळाला, चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं. कारण ट्रे परत हवा असतो.