सातारा आणि औंध

राजा नामधारी झाला की राज्य घटनाबद्ध झाले, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. तो किती फोल आहे हे पाहण्यास विलायतेच्या इतिहासात शिरण्याचे प्रयोजन नाही. आपल्या सातारा प्रांतातच दोन गाद्यांनी याचा निर्णय देऊन ठेवला आहे.

पहिली गादी छत्रपतींची. शाहू महाराज १७४९ साली निवर्तले, आणि पुढील वर्षी सांगोल्याच्या करारान्वये रामराजांनी कारभाराचे अधिकार पेशव्यांच्या हाती सोपविले. त्यानंतरही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच येत, पेशव्यांच्या शिक्क्यावर नाव छत्रपतींचेच असे. परंतु सत्ता गेली ती पुण्यास, रयतेकडे नव्हे. पेशव्यास जाब विचारील अशी सभा कोठेच नव्हती. पुढे सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत तर नाना फडणीसांपुढे पेशवाही नामधारीच उरला! राजाच्या हातून सुटलेली सत्ता ज्याच्या हाती पडेल त्यास आवरावे कोणी, हा खरा प्रश्न होय. तो तेव्हा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

दुसरी गादी औंधची, त्याच छत्रपतींच्या प्रतिनिधींची. संस्थान चिमुकले, बहात्तर खेडी आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. श्रीमंत भवानराव बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकार म्हणून आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य मात्र विस्मृतीत चालले आहे. १९३८ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींचे मार्गदर्शन घेतले, आणि जानेवारी १९३९ मध्ये प्रजेस नवी राज्यघटना मिळाली. गावकऱ्यांनी आपले पंच निवडावेत, पंचायतींतून तालुक्याचा व तेथून विधिमंडळाचा कारभार उभा राहावा, आणि मंत्र्यांनी विधिमंडळास उत्तरदायी असावे, अशी तिची रचना. राजा गादीवर राहिला. जाब घेण्याचा अधिकार मात्र खेड्यात गेला. तोही कोणी बंड करून घेतला नव्हता. (तहहयात अध्यक्षपदे भूषविणाऱ्या आपल्यातील वडीलधाऱ्यांनी राग मानू नये!)

या प्रयोगास मर्यादा होत्याच. राजा प्रजेस बांधला गेला तरी दोघांच्याही शिरावर इंग्रजांचे सार्वभौमत्व होते. तथापि त्या चौकटीतही आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतीची कैद्यांची वसाहत उभी राहिली. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या बोलपटास तिनेच प्रेरणा दिली.

साताऱ्याची गादी १८४८ साली इंग्रजांनी खालसा केली. तिच्या मालकाच्या रयतेस कोणी काही विचारले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ साली, औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा त्या संस्थानातील खेडुतांच्या गाठीस नऊ वर्षांच्या स्वराज्याचा अनुभव होता. श्रीमंत बाळासाहेब १९५१ साली कैलासवासी झाले. यमाईच्या दर्शनास औंधला जाणारी आपली मंडळी तेथील संग्रहालय आवर्जून पाहतात; त्या चित्रांपुढे उभे असता या घटनेचीही आठवण व्हावी.